‘ठेवू का?’ विचारणारी माणसं

‘नमस्कार, मी बँकेतून बोलतेय.’

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी दिवसभर हे एकच वाक्य बोलत होते, आणि समोरच्या शहाण्या माणसानं ते ऐकताच फोन ठेवून द्यावा असंही दिवसभर मनात म्हणत होते. पगार मात्र त्यानं फोन ठेवू नये याचा मिळत होता. अशा नोकरीत माणूस एक तर वेडा होतो, नाही तर विनोदी. माझा नवरा श्रीकांत म्हणतो, तुझं दोन्ही झालं.

आमची बँक कुवेतमध्ये शर्क भागात, मासळीबाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी आधी कर्जखात्यात होते. तिथे लोक आमच्याकडून पैसे न्यायला येत आणि गोड बोलत. मग फसवणूक रोखण्यासाठी वेगळा विभाग निघाला आणि माझी तिकडे बदली झाली. विभागाचं नाव भारदस्त होतं. प्रत्यक्षात ती बिनखिडक्यांची एक खोली होती आणि कानाला हेडफोन लावून बसलेली आम्ही काही माणसं. माझ्या शेजारी केरळचा बिनू, समोर काचेआड आमची लेबनीज मॅडम आणि तिचा कायम भरलेला चहाचा ग्लास.

काम तसं सोपं. एखाद्या खात्यातून नेहमीपेक्षा वेगळा व्यवहार व्हायला लागला की कॉम्प्युटर तो अडवून धरतो आणि आमच्या पडद्यावर लाल खूण येते. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध-अंडी आणणारं कार्ड अचानक परक्या देशातली महागडी घड्याळं घ्यायला लागलं, की आम्ही खातेदाराला फोन करायचा. ‘हे तुम्हीच केलंत का?’ हो म्हणाला तर सोडून द्यायचं. नाही म्हणाला तर कार्ड बंद. हिंदी, मराठी आणि मोडकंतोडकं गुजराती बोलणारे खातेदार माझ्या वाट्याला यायचे.

अडचण एवढीच होती की चोरही हेच वाक्य म्हणायचे, आणि आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं म्हणायचे. त्यांचा आवाज मऊ, मागे गोंगाट नाही, घाई नाही. ते आधी तब्येतीची चौकशी करत, ‘आंटी’, ‘अंकल’ म्हणत, आणि कुणाला संगीत ऐकत ताटकळत ठेवत नसत. आमच्या मागे बिनूच्या शिंका, आणि सुरुवातच ‘हे संभाषण रेकॉर्ड होत आहे’ अशी, पोलीस ठाण्यात आल्यासारखी. मी खातेदार असते तर मीही चोरांवरच विश्वास ठेवला असता.

त्यामुळे शिव्या मला पडायच्या. एका गृहस्थांनी मला हात-पाय धड असताना कष्टाची भाकरी खा म्हणून सांगितलं. एक आजी शिव्या देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाळा, तुला आई आहे ना?” मी म्हटलं, आहे. “मग तिला कळलं तर काय वाटेल तिला?” त्या दिवशी मी डबा न खाता तसाच परत नेला. आजींचं कार्ड मात्र वाचलं, कारण माझ्यावर चिडून त्यांनी मुलाकरवी ते तिथल्या तिथे बंद करवलं. माझं काम झालं होतं, फक्त चोर म्हणून.

आदर्श खातेदार कोण, असं कुणी विचारलं तर मी देवधरकाकांचं नाव घ्यायची. देवधरकाका आम्ही राहतो त्याच भागात, फिंतासमध्ये, मुलाकडे राहत. आयुष्यभर हिशेब तपासलेले, निवृत्त. मी फोन केला की ते माझं वाक्य पुरं होऊ देत आणि विचारत, “बँकेतल्या कशावरून?” मग फोन ठेवत, कार्ड उलटं करत, मागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावत, सगळं संगीत ऐकत आणि मला नावानं मागून घेत. “हां, आता बोला.” आजही कुणी मला एकच सल्ला दे म्हणालं तर मी काकांचाच देते. आलेल्या फोनवर काही सांगू नका. तो ठेवा, कार्ड उलटं करा आणि तुम्ही फोन करा.

पुढे संक्रांतीच्या दिवसांत देवधरकाकांच्या दिवाणखान्यात एक तरुण जोडपं आलं. इथल्या मराठी मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीचं. त्यांनी तिळगूळ दिला, वाकून नमस्कार केला, ‘काका, तुम्ही अगदी आमच्या आजोबांसारखे दिसता’ म्हणाले, आणि दुसऱ्या चहाला काकांनी कोकणातला समुद्र दिसणारा प्लॉट घेऊन टाकला. प्लॉट खरा आहे. समुद्रही खरा आहे. दोघांच्या मधे एक डोंगर आहे, त्याचा उल्लेख माहितीपत्रकात नव्हता. मी काकांना म्हटलं, “मला दर वेळी ‘कशावरून’ विचारता, यांना का नाही विचारलंत?” काका म्हणाले, “अहो अनघाताई, घरी आलेल्या माणसाला असं कसं विचारायचं?”

मग माझ्या लक्षात आलं की आपल्या लोकांचे ब्रेक एका वेळी एकाच चाकाला लागतात. फोनवर जो खमका तो दारात विरघळतो, आणि दारातून पाण्याचा फिल्टर विकणाऱ्याला वाटेला लावणारी बाई फोनवर अर्धा तास ‘हो का, हो का’ करत बसते. दारातल्यासाठी मी एक नियम केला. जे बोलायचं ते उभ्यानं बोला. खुर्ची दिली की चहा द्यावा लागतो, आणि चहा दिला की नाही म्हणता येत नाही. ‘मुलाला विचारून सांगते’ हे वाक्य खुर्चीच्या आधी म्हणायचं. काकांनी हा नियम मान डोलावून ऐकला, आणि मला बसायला खुर्ची देऊन चहा आणायला आत गेले.

फोनवरच्या माणसांचं काय करायचं हे मात्र मला फार उशिरा कळलं, आणि ते सुलोचना सिस्टरांमुळे.

सिस्टर मूळच्या मिरजेच्या. जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. लग्न केलं नाही, भावाच्या मुलांची शिक्षणं केली, राहिल्या कायम हॉस्टेलात नाही तर भाड्याच्या खोलीत. आता निवृत्त झाल्या होत्या. नोकरी संपल्यावर मिळणारी सगळी रक्कम खात्यात आली होती आणि तिच्यातून मिरजेत एक लहानसा फ्लॅट घ्यायचा ठरला होता. दारावर स्वतःच्या नावाची पाटी असलेलं आयुष्यातलं पहिलं घर. सामान बांधून झालं होतं. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दुपारी माझ्या पडद्यावर फक्त एक नाव होतं, ‘व्यवसाय – नर्स’ अशी नोंद होती आणि लाल खूण होती. खात्यातली होती नव्हती तेवढी रक्कम कुणा अनोळखी नावाच्या खात्यावर निघाली होती.

मी फोन लावला. बराच वेळ वाजला आणि मग एक दबका आवाज आला. मी हिंदीत सुरुवात केली. उत्तरातली हिंदी इतकी मिरजेची होती की मी सरळ मराठीवर आले.

“सिस्टर, मी बँकेतून अनघा बोलतेय. तुमच्या खात्यातून एक रक्कम—”

“हो हो. मीच पाठवायलेय. माझ्या मर्जीनं पाठवायलेय. सोडून द्या की ती.”

या धंद्यात राहून मला एक कळलं आहे. स्वतःच्या मर्जीनं काही करणारा माणूस ‘माझ्या मर्जीनं’ असं कधीच म्हणत नाही. भाजी घेताना कुणी म्हणतं का? हे शब्द कुणीतरी पढवलेले असतात.

कोण पढवतं तेही आम्हाला पाठ होतं. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस येतो, मागे झेंडा-बिंडा असतो. तुमच्या सिव्हिल आयडीवर, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्रावर, कुणीतरी गुन्हा केलाय म्हणतो. चौकशी संपेपर्यंत पैसे सरकारच्या ‘सुरक्षित’ खात्यात ठेवा, कॉल बंद करू नका, खोलीत एकटे राहा, कुणाला सांगितलंत तर तुम्हालाच अटक. आणि वर त्याची खरी हुशारी अशी की तो आमच्याबद्दल आधीच सांगून ठेवतो. ‘आता बँकेचा फोन येईल. बँकेतली माणसं या कटात सामील आहेत. ती म्हणतील, तुमची फसवणूक होतेय. तसं म्हणाली की समजा, मी खरं बोलत होतो.’

म्हणजे मी ‘सिस्टर, तुम्हाला फसवताहेत’ असं म्हटलं असतं तर त्याचंच भाकीत खरं केलं असतं. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच खरी गोष्ट होती आणि ती त्यानं आधीच खोटी पाडून ठेवली होती. दुसरीकडे बँकेचा नियम. खातेदारानं ओळख पटवून दिली आणि ‘हा व्यवहार सोडू का?’ या प्रश्नाला रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर ‘हो’ म्हटलं की मला तो सोडावाच लागतो. पैसे त्यांचे आहेत, माझे नाहीत. तेव्हा तो प्रश्न मला विचारायचाच नव्हता, आणि त्याखेरीज काय बोलावं हे सुचत नव्हतं.

“झालं न्हवं?” सिस्टर म्हणाल्या. “ठेवू का मग?”

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? मलाही तोपर्यंत विशेष वाटलं नव्हतं. आमच्या पिढीची आणि आमच्या वरच्या पिढीची मराठी माणसं फोन ठेवताना परवानगी मागतात. ‘ठेवू का?’ समोरचा ‘हं, ठेवा’ म्हणाला की मग बोट हलतं. तो म्हणाला नाही तर आपण पुन्हा थोडं बोलतो, पुन्हा विचारतो. ही आपली रीत आहे, आणि चोरांचं निम्मं काम तीच करते. परक्या माणसाबरोबर बंद खोलीत घटकाभरही न बसणारी बाई फोनवर त्याच्याबरोबर सकाळपासून दुपारपर्यंत बसते, कारण तो ‘ठेवा’ म्हणतच नाही.

माझा साधा फोन उचलल्यामुळे त्याचा व्हिडिओ कॉल पलीकडे थांबला होता. फोनची ती आपोआप होणारी सोय आहे, त्याला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हणजे सिस्टर माझ्याशी बोलत होत्या तोवर त्याच्या हातात नव्हत्या. एवढ्या घाबरलेल्या, दाराबाहेर अटक उभी आहे असं वाटणाऱ्या त्या बाईनं माझ्यासारख्या अनोळखी बाईला विचारलं होतं, ठेवू का. मी ठरवलं, आपण ‘ठेवा’ म्हणायचं नाही.

“एक मिनिट हं सिस्टर, थोडी माहिती राहिलीय. पत्ता तोच आहे ना, जाब्रियाचा?”

“तोच की.”

“खातं कुठल्या शाखेत उघडलं होतंत?”

त्यांनी सांगितलं. मागे मेसेजांचं टुंग-टुंग वाजत होतं. “ठेवू का?”

“आणि भारतातला पत्ता? मिरजेत कुठे?”

“दर्ग्याच्या अलीकडं. अहो, ते थांबलेत तिकडं.”

“कोण थांबलंय?”

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाल्या, “कोण न्हाई. ठेवू का आता?”

माझ्याकडचे सगळे प्रश्न संपत आले होते. आईचं नाव विचारून झालं, कार्ड कधी बदललं ते झालं. बिनू हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागला होता. टुंग-टुंग वाढत चाललं होतं आणि सिस्टरांच्या आवाजात रडू आलं होतं. अजून एकदा ‘ठेवू का’ विचारून त्या रीतभात बाजूला ठेवतील आणि त्या माणसाकडे परत जातील हे मला दिसत होतं. मग मी जे केलं त्याला बँकेच्या पुस्तकात नाव नाही.

“सिस्टर,” मी म्हटलं, “मला जरा गरगरतंय हो.”

मला बीपी आहे हे खरं. पण गरगरत अजिबात नव्हतं. मी धडधडीत थाप मारली, रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर, बँकेच्या वेळात. चोर माणसाच्या भीतीला हात घालतात, मी सिस्टरांच्या चांगुलपणाला घातला. फरक आहे असं मी स्वतःला सांगते.

पलीकडचा आवाज एका क्षणात बदलला. रडू गेलं, कुजबुज गेली.

“बसलाय का उभ्या हाय?”

“बसलेय.”

“मान खाली घाला. डोळे मिटू नका. बीपीची गोळी चालू हाय का? सकाळची घेतली?”

“घेतली बहुतेक.”

“बहुतेक काय? घेतली का न्हाई? जवळ कोण हाय?”

“बिनू आहे.”

“त्याला म्हणावं शेजारी बस. तुम्ही एकट्या राहायचं न्हाई आता. घाबरलेल्या माणसानं एकटं राहायचं नसतंय, त्यानं जास्त चढतंय.”

हे म्हणाल्या आणि थांबल्या. मी शक्य तितक्या हळू विचारलं, “आणि कुणी एकटंच राहा म्हणून सांगत असेल तर, सिस्टर?”

पलीकडे मेसेज वाजतच होते.

“असले नातेवाईक लई बघितलेत मी,” सिस्टर म्हणाल्या. आवाज शांत होता, वॉर्डातली गोष्ट सांगावी तसा. “पेशंटला कुणाला भेटू देऊ नका, फोन देऊ नका म्हणून सांगणारे. सह्या घ्यायच्या असतात त्यांना.” मग म्हणाल्या, “अनघा म्हणालात न्हवं तुमचं नाव? मी काय करू?”

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” मी म्हटलं. “मीसुद्धा फोनवरचीच आहे. हा फोन ठेवा, तो कॉलही बंद करा. शेजारचं दार वाजवा. शेजारणीला जवळ बसवा, कार्ड उलटं करा आणि मागच्या नंबरावर तुम्ही फोन करा. माझं नाव घेऊन मागा.”

“दोन्ही ठेवू?”

“दोन्ही.”

“त्यांना काही न सांगता?”

“काही न सांगता.”

“बरं दिसतंय का ओ ते?”

आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली बाई चोराला वाईट वाटेल का याची काळजी करत होती. मला हसू आलं आणि डोळेही भरले. “अजिबात बरं दिसत नाही,” मी म्हटलं. “तरी ठेवा.”

खट्ट झालं.

त्यानंतर मला त्यांना फोन करता येत नव्हता, कारण त्यांनी बँकेला करायचा होता. लाल खूण पडद्यावर तशीच होती. आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. सिस्टर शेजारचं दार वाजवतील, नाही तर चोर पुन्हा फोन करील आणि त्या उचलतील. मग त्याच्या सांगण्यावरून त्या बँकेला फोन करतील, तो फोन दुसऱ्याच कुणाकडे जाईल, तो दुसरा नियमाप्रमाणे तो एक प्रश्न विचारील आणि मिरजेतल्या दारावरची पाटी जाईल. बिनू माझ्यासाठी पाणी घेऊन आला. त्याला खरंच वाटलं होतं की मला गरगरतंय. मी नाही म्हणाले नाही, कारण तोवर गरगरायला लागलं होतं.

मग बँकेला येणारे फोन घेणाऱ्या खोलीतून निरोप आला, एक खातेदार अनघाला मागतेय. मी बटण दाबलं. पलीकडे दोन-तीन बायका मल्याळममध्ये एकदम बोलत होत्या, मधेच इमारतीच्या राखणदाराचा, हारिसचा, अरबी आवाज. या सगळ्यातून सिस्टरांचा आवाज आला.

“अनघा? गोळी घेतली का?”

मी घेतली म्हणून सांगितलं. मग रीतसर विचारलं, हा व्यवहार तुम्हाला करायचा आहे का. त्या ‘न्हाई’ म्हणाल्या. मी व्यवहार रद्द करून खूण पुसली, खातं कुलूपबंद केलं आणि उठून स्वच्छतागृहात जाऊन थोडा वेळ रडून आले.

बँकेनं याची दखल घेतली. संभाषणांचा दर्जा तपासणारा एक विभाग असतो, त्यानं माझा तो फोन ऐकला आणि मला नापास केलं. कारणं तीन. संभाषण फार लांबलं. खातेदारानं वारंवार फोन ठेवण्याची इच्छा व्यक्त करूनही कर्मचाऱ्यानं दुर्लक्ष केलं. कर्मचाऱ्यानं खातेदाराकडे स्वतःच्या प्रकृतीची तक्रार केली. मला ‘मोजकं कसं बोलावं’ या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं, ते प्रशिक्षण अख्खा दिवस चाललं. लेबनीज मॅडमनं कागदावर सही केली आणि मग मला धरून बँकेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बीपी मोजलं तर खरोखर वाढलेलं. तेव्हा मी खोटं बोलले असं आता कुणालाही सिद्ध करता येणार नाही.

काही दिवसांनी सिस्टर स्वतः भेटायला आल्या. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, हातात करंज्यांचा डबा. बसल्या आणि म्हणाल्या, “इतक्या डॉक्टरांना सुनावलंय मी ऑपरेशनच्या वेळी. आणि त्या मेल्याला ‘सर, सर’ करत बसले.” त्यांना फार लाज वाटत होती. मी त्यांना सांगितलं ते मनापासून होतं. तो माणूस मूर्ख माणसं शोधत नाही. मूर्ख माणूस मधेच कंटाळून उठून जातो. तो वळण असलेली माणसं शोधतो, सांगितलेलं नीट ऐकणारी, मोठ्या पदाचा मान ठेवणारी, समोरच्याचं बोलणं न तोडणारी. आपल्याकडे लहानपणापासून जे जे चांगलं म्हणून शिकवलं ते सगळं त्याच्या उपयोगी पडतं.

सिस्टर विचारात पडल्या. म्हणाल्या, “मग वळण मोडायला पाहिजे.”

आम्ही ते मंडळात मोडायला घेतलं. मुलांकडे राहायला आलेले आई-वडील, सासू-सासरे एका शाळेच्या हॉलमध्ये जमवले आणि फोन ठेवण्याचा सराव केला. मी एका कोपऱ्यातून चोर होऊन फोन करायची, त्यांनी मधेच तोडायचा. इतका अपयशी कार्यक्रम मंडळानं पूर्वी केला नव्हता. एक आजोबा “क्षमस्व, मी आता आपला फोन ठेवत आहे” म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिले. एका काकूंनी “ठेवते हं, राग मानू नका” म्हणून तीनदा निरोप घेतला, आणि चौथ्यांदा माझ्या मुलांची चौकशी केली. देवधरकाकांनी मात्र खाडकन ठेवला. टाळ्या पडल्या. काकांनी जागेवर उभं राहून त्या स्वीकारल्या. हॉलच्या दारात केशर विकायला आलेल्या माणसाकडून जाताना त्यांनी दोन डब्या घेतल्या.

सिस्टरांनी मग सूत्रं हातात घेतली. त्या एकेकाच्या शेजारी उभ्या राहून हुकूम सोडायच्या. “बोलायचं न्हाई. श्वास घ्या. दाबा. दाबा म्हणते न्हवं?” इंजेक्शन द्यायला शिकवावं तसं त्यांनी सगळ्यांना शिकवलं. नियम एवढाच, की समोरून आलेला फोन ठेवायचा आणि ओळखीच्या, स्वतःकडे असलेल्या नंबरावर आपण फोन करून खात्री करायची. संध्याकाळ होईपर्यंत ती सगळी सभ्य, वयस्कर माणसं एकमेकांचे फोन धडाधड तोडायला लागली होती, आणि मोठ्यानं हसत होती.

माझी मुलगी मागे बसून बघत होती. घरी येताना म्हणाली, “आई, जस्ट ब्लॉक देम ना. व्हॉट्स देअर टु प्रॅक्टिस?” खरं आहे. तिच्या वयाच्यांना हा वर्ग लावावा लागत नाही. ती मुलं आई-वडिलांचा फोनसुद्धा ‘ओके बाय’ म्हणून एका दमात तोडतात. मला त्या रात्री जरा वाईट वाटलं. एका अख्ख्या पिढीजवळ एक छोटी, गोड रीत होती. तुमचं बोलून झालं का, मी जाऊ का, असं विचारण्याची. ती मोडून काढायचा मी वर्ग चालवत होते, आणि तो यशस्वी होत होता.

सिस्टर मिरजेला गेल्या. श्रीकांतनं त्यांना विमानतळावर सोडलं, म्हणून त्याचा नंबर त्यांच्याकडे होता. पाटी लागल्याचा फोटो आला. दारावर इंग्रजीत आणि मराठीत नाव, खाली ‘निवृत्त परिचारिका’. आणखी खाली, वेगळ्या रंगात, ‘विक्रेत्यांनी बेल वाजवू नये’.

या वर्षी मीही निवृत्त झाले. बँकेचा फोन बँकेला परत केला आणि नवा नंबर घेतला. आता आम्ही फिंतासलाच आहोत, श्रीकांतची नोकरी संपेपर्यंत. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मला सिस्टरांची आठवण आली आणि मी त्यांना फोन लावला.

“हॅलो?” सिस्टर म्हणाल्या.

“सिस्टर, ओळखलंत का? मी कुवेतहून अनघा—”

खट्ट.

मी पुन्हा लावला. या वेळी ‘सिस्टर’ म्हणायच्या आतच खट्ट झालं. तिसऱ्यांदा तर लागेचना, त्यांनी मला ब्लॉक केलं होतं. मी हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळालं नसेल. म्हटलं, शिकवलंस ना, मग भोग आता.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत श्रीकांतचा फोन वाजला. तो उठून आत आला आणि फोन माझ्या हातात देत म्हणाला, “मिरजेहून आहे. तू जिवंत आहेस का विचारताहेत.”

“अनघा?” सिस्टरांचा आवाज घाईचा होता. “नीट हाय न्हवं तुम्ही? ऐका. आत्ता कुणीतरी तुमचं नाव सांगून मला फोन करायलंय. हुबेहूब तुमचा आवाज काढलाय मेल्यांनी, आता मशिनी आल्यात म्हणं तसल्या. मी न विचारता ठेवला. दोनदा ठेवला. म्हटलं आपल्याकडं असलेल्या नंबरावर खात्री करून घ्यावी, आणि तुम्हालाबी सावध करावं.”

“बरं केलंत, सिस्टर,” मी म्हटलं.

त्यांनी मग बीपी विचारलं, गोळी विचारली, पाडव्याला काय केलंय ते विचारलं. मिरजेत थंडी पडायला लागलीय, शेजारीण चांगली मिळालीय, भाचा येऊन गेला, असं सगळं सांगितलं.

“बरं,” सिस्टर म्हणाल्या, “ठेवू का मग?”

“थांबा ना,” मी म्हटलं.